चांदीचा पाय आणि आरूची बुटं

मामा,

पाया पडते. प्रिय-बिय काय लिहीत न्हाई. सासऱ्याला तसं लिहायची आमच्यात रीत न्हाई, आन् तुमी हसला असता. नववीत शाळा सुटली तवापासनं मी कुणालाच पत्र लिहिलं न्हाई, तवा माझं शुद्धलेखन बघू नगासा.

आरूचा पाय सरळ झाला, मामा!

हेच सांगायला बसले. शेवटचं प्लास्टर काढलं तवा तुमी नव्हतासा. डॉक्टरबाईंनी ओल्या फडक्यानं पाय पुसला आन् माझ्या म्होरं धरला. जल्मली तवा तळवा आत वळल्याला, टाच वर चढल्याली, बघवत नव्हतं. आन् आता दुसऱ्या पायासारखा पाय! पाची बोटं समोर. तुमास्नी दाखवायला म्हणून मी मागं वळले. तुमच्या बाकावर दुसरंच कोण तरी बसलं हुतं.

एवढं चांगलं झालं, मग रडगाणं कशाला लिहायचं? पण मामा, खरं सांगते. पाय वाकडा हुता तवा मला एवढी भीती वाटत नव्हती, जेवढी आता सरळ झाल्यावर वाटती.

रविवारी आमी पालीला खंडोबाला जाणार हाय. आत्याबाईंनी नवस बोलला हुता, नातीचा पाय सरळ हुंदे, चांदीचा पाय वाहीन. सोनाराकडनं पाय करून आणलाय, बोटाएवढा. देवापुढं ताटलीत ठेवलाय. त्याचं मला काय न्हाई. पण आत्याबाई म्हणत्यात, आता ती बुटं बंद. रविवारपुरती न्हाई, कायमची.

तुमी बुटं बघितली न्हाईसा. दोन बारकी चामड्याची बुटं, आन् मधी लोखंडी पट्टी. दोनी पाय पट्टीला जोडल्यालं. आंघोळीपुरती काढायची, बाकी दिवसरात पायात. पुढं मग नुसती झोपंत, पर चार वर्सांची हुईपातुर. डॉक्टरबाईंनी मला बसवून सांगितलं, "पाय सरळ दिसला म्हणून फसू नको. त्याला परत वळायची ओढ असते. बूट सोडलेस तर पाय वळणार म्हणजे वळणार." हे मी घरात किती येळा सांगितलं. पर नववी शिकल्याल्या सुनंचं कोण ऐकतंय? तुमी सांगितलं असतं तर अख्ख्या आष्ट्यानं ऐकलं असतं.

माझं ऐकणारं ह्या घरात तुमीच तर हुतासा.

आठवतंय का, मला बघायला आला हुतासा कराडाकडं, आमच्या गावाला? मी चहाचा ट्रे घिऊन आले. सगळी माझ्या तोंडाकडं बघत हुती, आन् तुमी पायाकडं! मला वाटलं, पैंजणाला पॉलिश न्हाई म्हणून बघत्यात. तुमी आत्याबाईंच्या कानात म्हणालासा, "पोरगी पाय सरळ टाकती. पळाय चांगली असंल." आन् आत्याबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आवं, सून बघाय आलाय का टीम निवडाय?" माझा बाप हसला, तुमी हसलासा, हे तेवढं लाजून भिताडाकडं बघत बसलं. माझं लगीन तिथंच ठरलं.

आरू जल्मली तवा मातर कोण हसलं न्हाई. पाय बघून गल्लीतल्या बाया कुजबुजाय लागल्या, "पोटुशी असताना गिराण पाळलं नसणार पोरीनं. विळी हातात घेतली असणार." मी बाजंवर पडून ऐकत हुते. मामा, मी गिराण पाळलं हुतं. हलले बी नव्हते. तरी माझं मलाच वाटाय लागलं, काय तरी चुकलंच असणार.

तुमी सोप्यातनं मोठ्यानं बोललासा, मैदानावर ओरडायचासा तसं. "माझं पाय सपाट हायीत. लष्करानं मला त्याच्यापाई परत पाठवलं. माझ्या आईनं कुठलं गिराण मोडलं हुतं, सांगा की!" एकेक करून बाया उठून घरला गेल्या.

तुमचं पाय सपाट हायीत हे मला तवा कळलं. पुढचं तुमी सांगलीला जाताना सांगितलं. दर आठवड्याला प्लास्टर बदलायला जायचं, आरू तुमच्या मांडीवर, मी खिडकीला. घरात तुमी कमी बोलायचा, एष्टीत लय बोलायचा.

तुमचं वडील मिलटरीतलं. पोरगा फौजी हुणार असं गावभर सांगून ठेवल्यालं. भरतीला तुमी पळण्यात पयला आलासा. मग डाक्टरनं ओल्या पायानं फरशीवर उभं केलं, ठसा बघितला आन् म्हणाला, जा घरी. वडील वर्सभर तुमच्याशी बोललं न्हाईत. तुमी म्हणालासा, "त्या वर्सी मी नुसता खो-खो खेळलो गं. दुसरं काय करणार? त्यात पायाचा ठसा कोण बघत न्हाई." मग खेळाच्या मास्तरकीचा कोर्स केलासा आन् आष्ट्याच्या कॉलेजात तासावर लागलासा. मैदान म्हंजी नुसती बाभळ. पोरं घिऊन तुमीच तोडली. हाफिसातली मानसं म्हणायची, "सपाट पायाचा गडी दुसऱ्यास्नी पळायला शिकवतोय." आन् तुमी म्हणायचासा, "मला पाय बघायला येतंय. कारण माझं कुणी तरी नीट बघितलं हुतं."

पोरींची टीम काढली तवा तर लोक घरात घीनात. "आमच्या पोरींनी चड्ड्या घालून पळायचं व्हय?" तुमी लांब पँटी शिवून घेतल्यासा आन् आत्याबाईंनाच संगं न्यायला लागलासा. बाहेरगावी मॅच असली की पोरी शाळेच्या वर्गात झोपायच्या आन् दाराला आत्याबाई. सकाळी सगळ्यांच्या येण्या घालायच्या, कुणाच्या पोटात दुखलं तर ओवा, कुणाचा पाय मुरगाळला तर लेप. आत्याबाई अजून सांगत्यात, "सरास्नी पोरी भ्यायच्या, माझ्या गळ्यात पडायच्या." ज्या बाईनं चार गावच्या पोरी संभाळल्या, तिला मी कसं सांगायचं की माझी पोरगी अशी संभाळायची?

शालनताईबद्दल लिहायचंय, पर लिहू का नगं ते कळत न्हाई. तुमी सांगताना म्हणाला हुतासा, हे घरात बोलायचं न्हाई.

एकदा प्लास्टरला जाताना एष्टीत कंडक्टर त्याच हुत्या, तुमच्या जुन्या टीममधल्या. "सर! तिकीट!" करून ओरडल्या. "वहिनीचं अर्धं, बारकीचं फुकाट, सरांचं फुल्ल."

तुमी म्हणालासा, "एवढं पळवलं तुला, त्याची काय सूट?"

"त्याचंच फुल्ल लावलंय, सर! पहाटं पाचला उठवायचा तुमी. अजून झोप भरून निघाली न्हाई."

सगळी एष्टी हसली. शालनताईंनी आरूच्या प्लास्टरवर बोट वाजवून बघितलं, "टणक हाय की गं! हिला कुणी आऊट करत न्हाई," म्हणल्या आन् म्होरं गेल्या. जाताना डावा पाय जरा वडत हुत्या. तुमी त्या पायाकडं बघत राहिलासा आन् तुमचं हसू गेलं.

मग सांगितलंसा. साताऱ्याला फायनल हुती. शालनताई टीममधल्या सगळ्यात चपळ. आदल्या मॅचला घोटा मुरगाळला. आत्याबाईंनी आंबेहळदीचा लेप लावला. सूज उतरली, पाय दिसायला येकदम चांगला. आत्याबाई म्हणाल्या, "झाली बरी. खेळू द्या पोरीला, रडाय लागली हाय." तुमच्या मनात नव्हतं. पर पाय चांगला दिसत हुता, वर कॉलेजातनं फोनवर फोन. खेळवलंसा. आन् वळताना त्याच घोट्याचं हाड गेलं. परत कवा पळाय मिळालं न्हाई तिला.

तिचा बाप मैदानावर आला, "सर, तुमी बघितला हुता न्हवं पाय?" तुमी म्हणालासा, "बघितला हुता. चूक माझी." लेपाचं नाव काढलं न्हाईसा. ना त्या दिवशी, ना कवा. कंडक्टरच्या परीक्षेला शालनताईंना घिऊन तुमीच गेलासा. त्याच्या पुढं दुखऱ्या पायाची एक बी पोरगी तुमी खेळवली न्हाई. एकदा त्याच्यापाई ढाल गेली, कॉलेजात नावं ठेवली, "सर म्हातारं झालं" म्हणाली. मला म्हणालासा, "रूपे, पाय दिसाय बरा आन् पाय बरा, ह्यात लय अंतर असतंय. पर तुझ्या आत्याबाईंना ह्यातलं काय बोलू नगंस. तिला लागंल."

व्हय म्हणाले मी.

आता तुमीच सांगा, मी काय करू? आत्याबाईंना गप करायला माझ्याकडं हे एकच हाय, आन् तेच तुमी बोलू नगं म्हणून गेलासा.

तुमच्यावर माझा राग बी हाय, मामा. लिहूनच टाकते. लांबनं बघून पोरीच्या पायाची सूज वळखणारा माणूस, आपलं डोकं म्हयनाभर ठणकत हुतं ते कुणाला बोललं न्हाई! एष्टीत मधीच डोळं मिटून बसायचासा. मी इचारलं की, "ऊन हाय गं." बीपीची गोळी आणायला दवाखान्यासमोरचंच दुकान हुतं! आरूला घिऊन आत जायचासा, आपलं कवा दाखवलं न्हाईसा. मग डोक्यातली शीर फुटली आन् त्याच सांगलीत तुमास्नी दुसऱ्या दवाखान्यात न्यायला लागलं, तितनं परत आला न्हाईसा. आन् ह्यांचं बी सांगते. तुमचा लेक सीमेवर हाय, तरी अजून म्हणतो, "बाबा सगळ्या पोरींच्या मॅचला गेलं, माझ्या एका बी गॅदरिंगला आलं न्हाईत." तुमी आरूच्या दर प्लास्टरला आलासा ते त्यांना फोनवर सांगितलं, तर "दर प्लास्टरला?" म्हणून दोनदा इचारलं.

परवा ह्यांना बुटांचं सांगितलं. म्हणालं, "रूपाली, मी हितनं काय करणार? व्हिडिओवर तिच्या पायात ती पट्टी बघितली की माझ्यानं बघवत न्हाई, बेड्या घातल्यावानी वाटतंय. आई म्हणती तसं कर. आईला आता दुखवू नगं."

संपलंच की मग. माझ्या बाजूला कोण राहिलं? आरू रडाय लागली की माझंच हात बुटाच्या बंदाकडं जात्यात, मामा. मी काय लय धीराची न्हाई. परत वळला पाय तर? परत प्लास्टर, न्हाईतर मोठं आप्रेशन. मोठी झाल्यावर मला म्हणंल, आई, तुला ठावं हुतं न्हवं?

थांबते. आत्याबाई हाक मारत्यात.

परत बसले. आत काय झालं ते सांगते.

आत्याबाई चुलीपुढं भाकरी करत हुत्या. आरू माझ्या कडंवर, पायात बुटं. म्हणाल्या, "काढ ती. बघ कशी अवघडून बसलीया."

मी म्हणलं, "ऱ्हाऊ द्या आत्याबाई. रविवारी देवाला जाऊ, पाय वाहू. पर बुटं ऱ्हाऊ द्यात."

"तू माझ्या नवसाला खो घालू नगंस हं, सांगून ठेवते."

आन् मला तुमचीच आठवण झाली. कुणी "खो घातला" म्हणलं की तुमी जेवता जेवता सुदीक घास खाली ठेवून सांगायचासा, "खो घालत नसत्यात, खो देत्यात. खो म्हंजी ऊठ, आता तू पळ. त्यात अडवायचं कुठं आलं?" आत्याबाई म्हणायच्या, "आलं मैदान ताटात!" आता मैदान बी गप, ताट बी गप. मी आपली उभी. मागनं कोण हात लावून सांगणार नव्हतं. पर सांगितल्यासारखं वाटलं खरं.

मी खाली बसले, त्यांच्या शेजारी. म्हणलं, "आत्याबाई, मी न्हाई काढणार बुटं."

मामा, लगीन होऊन आल्यापासनं त्यांना "न्हाई" असं म्हणायची ही माझी पयली येळ.

त्यांनी भाकरी तशीच तव्यावर सोडली. "म्हंजी देवानं ऐकलं न्हाई म्हणायचं का तुला?"

"तसं न्हवं..."

"मग कसं? पाय सरळ झालाय. मी डोळ्यानं बघतीया. वर बुटं घालायची म्हंजी देवाला म्हणायचं, तुझा भरवसा न्हाई!" भाकरी करपाय लागली, मीच उलथली. मग हळू म्हणाल्या, "त्या दवाखान्याच्या जिन्यात बसून दोन नवस बोलले हुते गं मी. एक ह्यांचा, एक हिचा. ह्यांचा ऐकला न्हाई त्यानं. दुसरा तरी ऐकला म्हणू दे की मला."

हे मला ठावं नव्हतं, मामा. मला वाटत हुतं, त्यांना हट्ट हाय. सासूपणा हाय. मी मनात काय काय म्हणत हुते त्यांना! मला बी रडू फुटलं. आरू दोघींच्या तोंडाकडं बघाय लागली.

मी म्हणलं, "ऐकला की देवानं. कोण म्हणतंय न्हाई ऐकला? सरळ पाय देवानं दिला. आता परत वाकडा हुणार न्हाई एवढं बघायचं काम आपल्याकडं ठेवलंय. ते बी देवालाच सांगायचं का?"

त्यांनी तवा खाली उतरवला. पिठाचा हात पुसला, आरूचा बूट धरला, अंगठा फिरवत राहिल्या. मला वाटलं आता बंद सोडणार. मी हात म्होरं केला बी, अडवायला.

तर म्हणाल्या, "शालनच्या पायाला लेप कुणी लावला हुता, ठावं हाय तुला?"

मामा! तुमास्नी दिल्याला शब्द! मी म्हणलं, "न्हाई."

"खोटं बोलतीस. त्यांनी सांगितलं असणार. एष्टीत लय गप्पा चालायच्या तुमच्या." मग म्हणाल्या, "मी लावला हुता. बरी झाली म्हणून बी मीच सांगितलं. तिच्या बापापुढं ते उभं राहिलं, मी खांबाआड हुते, सगळं ऐकलं. जल्मभर त्यांनी मला कळू दिलं न्हाई. आन् मला कळलंय, हे मी त्यास्नी कळू दिलं न्हाई."

तुमास्नी वाटत हुतं, तुमी त्यांना झाकलंय. आन् त्या तुमास्नी झाकत हुत्या! मामा, एका घरात, एका ताटाला बसून, दोघं किती गप राहिलासा ओ!

मग उठल्या. नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "देवळात चामडं चालत न्हाई. पायरीवर काढ. दर्शन झालं की पायरीवरच घाल. आन् घालताना मला बोलीव. पट्टी कशी बसती ती मला बघायचीया. तू घालतीस तवा लय रडती. तुझा हात भितोय, म्हणून रडती."

माझा हात भितोय. खरंच की!

तर असं झालं. रविवारी आमी तिघी जाऊ. चांदीचा पाय वाहू, भंडारा उधळू.

मामा, एक शब्द देते. बूट मी सोडणार न्हाई, डॉक्टरबाई बास म्हणत न्हाईत तोवर. हे सुट्टीवर आलं की त्यांच्या हातनंच एक दिवस घालून घीन, म्हंजी बेड्या वाटायच्या बंद हुतील. मला भीती वाटणारच, ती काय जात न्हाई. भीत भीत घालीन. आरू मोठी झाल्यावर खेळंल का न्हाई ते तिचं ती बघंल, तिच्या मागं मी लागणार न्हाई. पर पायापाई कुणी तिला परत पाठवलं, असं हुऊ देणार न्हाई.

आन् आत्याबाईंना मी कवाच म्हणणार न्हाई की पाय प्लास्टरनं सरळ झाला. कुणी इचारलं तर सांगीन, माझ्या सासूच्या नवसानं झाला. आरूला बी तसंच सांगीन. तुमी रागावू नगासा. ह्या घरात त्यांना एक तरी नवस फळल्याला असू दे.

तुमची सून,
रूपाली